गाठ कशाच्या जोरावर वाढते?



आजचा विषय आहे स्तनाचा कर्करोग, आणि नेमकं सांगायचं तर त्या कर्करोगाला चालवणारी जनुकं. विषय अवघड वाटेल, पण तो परका नाही. आई, मावशी, आत्या, वहिनी, शेजारीण, कुणाच्या ना कुणाच्या रूपाने हा आजार आपल्यापैकी बहुतेकांच्या घराजवळून गेलेला आहे. बाहेरून तुम्ही तो पाहिलेला आहे. त्याच्या आत काय चाललेलं असतं, ते आज आपण पाहू.

आधी दोन आकडे सांगते. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि त्याच वर्षी सुमारे ९८ हजार स्त्रिया या आजाराने गेल्या. जगभरात निदान झालं सुमारे २३ लाख जणींना, मृत्यू झाले सुमारे ६ लाख ७० हजार. जगात शंभर नव्या निदानांमागे तिसाच्या आत मृत्यू, आणि आपल्याकडे पन्नासच्या वर. ही तफावत मनात असू द्या. मला तिच्यापाशी यायचंच आहे.

गाठ सापडली की डॉक्टर दोन प्रश्न विचारत आले आहेत. गाठ केवढी आहे? आणि ती कुठवर पसरली आहे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी या दोन प्रश्नांना धरून एक मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. स्तन, त्याखालचा छातीचा स्नायू, काखेतल्या ग्रंथी, सगळं काढायचं. जवळजवळ पाऊणशे वर्षं स्त्रियांनी ती सोसली. पुढे बर्नार्ड फिशर आणि इतरांनी चाचण्या करून दाखवलं, की बऱ्याच जणींना एवढं कापण्याची गरज नसते. कारण काय? कारण कर्करोगाचा स्वभाव त्याच्या आकारावरून पुरता कळत नाही. एकाच मापाच्या दोन गाठी असतात. एक गाठ असलेली बाई तीस वर्षं सुखाने जगते, दुसरी असलेली दोन वर्षांत जाते. असं का होतं?

हे समजायचं तर तिसरा प्रश्न विचारावा लागतो. ही गाठ कशाच्या जोरावर वाढते? आज मला एवढंच सांगायचं आहे, की स्तनाच्या कर्करोगावरचे गेल्या पन्नास वर्षांतले बरेचसे मोठे विजय या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून आले आहेत. आणि ज्या बाईच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच जात नाही, तिच्यापर्यंत तो विजय पोचत नाही. हे मी चार मुद्द्यांत मांडते.

पहिला मुद्दा : गाठीला आधार लागतो

१८९६ साली ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलं एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. स्तनाचा कर्करोग उलटलेल्या एका तरुण स्त्रीचे बीजकोश त्यांनी काढले, आणि छातीवरच्या गाठी ओसरल्या. विचार करा, तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही कुणाला ठाऊक नव्हतं. शरीरात एका जागी काहीतरी तयार होतं आणि त्यावर दुसऱ्या जागची गाठ पोसते, एवढंच त्या माणसाने ओळखलं.

त्यामागचं कारण कळायला साठेक वर्षं गेली. शिकागोमध्ये एल्वुड जेन्सन यांनी दाखवलं, की काही पेशींमध्ये इस्ट्रोजेनला धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. त्याला आपण रिसेप्टर म्हणू. ज्या गाठीत हा रिसेप्टर भरपूर, ती गाठ इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढते. मग त्या रिसेप्टरवर दुसरंच काही बसवून इस्ट्रोजेनची वाट अडवता येईल का? ते औषध इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या कपाटात आधीच तयार होतं. संततिनियमनासाठी म्हणून बनवलं होतं आणि त्या कामाला ते निकामी ठरलं होतं. तेच टॅमॉक्सिफेन. १९७७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रिसेप्टर असलेल्या गाठीत पाच वर्षं ही गोळी घेतली, तर स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात. एक स्वस्त, साधी गोळी! पण ज्या गाठीत रिसेप्टर नाही, तिथे तिचा काहीही उपयोग नाही. गाठ ओळखा, मग औषध द्या, हा धडा इथूनच सुरू होतो.

आता हर-टू या जनुकाची गोष्ट. ती मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण जनुकापासून औषधापर्यंतची सगळी वाट तिच्यात दिसते.

१९८०च्या सुमारास बोस्टनजवळ एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठींवर काम चाललं होतं. तिथे लक्ष्मीचरण पाढी नावाचे एक भारतीय संशोधक होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी त्यांचं नातं. त्या गाठींमध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवं कर्कजनुक आणि त्याचं प्रथिन सापडलं. हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या आवरणावर होतं, म्हणजे औषधाचा हात पोचेल अशा जागी. पण औषध करण्याचा विचार तेव्हा तिथे कुणी केला नाही. पुढे जेनेनटेक कंपनीत अॅक्सेल उलरिख यांनी माणसातलं त्याचंच भावंड वेगळं काढलं. तेच हर-टू.

नुसतं जनुक सापडून काय उपयोग? ते कुणाच्या आजारात काम करतं, हे कळायला हवं. इथे लॉस एंजेलिसचे कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लेमन आले. त्यांच्या शीतपेटीत रुग्णांच्या गाठींचे तुकडे जपून ठेवलेले होते. १९८७ साली त्यांनी १८९ स्त्रियांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. सुमारे तीस टक्के गाठींमध्ये त्या कितीतरी पटींनी वाढलेल्या होत्या. आणि ज्यांच्या गाठीत प्रती जास्त, त्यांचा आजार लवकर उलटत होता, त्या लवकर जात होत्या. आज मोठ्या अभ्यासांनंतर हे प्रमाण पंधरा ते वीस टक्के धरतात.

पेशीला 'वाढ' म्हणणारा आवाज बाहेरच्या आवरणावर आहे. मग तिथेच तो दाबला तर? उंदराच्या शरीरात तयार झालेलं एक प्रतिपिंड ही वाढ रोखत होतं. माणसाच्या शरीराला ते परकं वाटू नये म्हणून त्याचा बहुतेक भाग मानवी प्रतिपिंडासारखा करण्यात आला. हे ट्रॅस्टुझुमॅब, बाजारातलं नाव हर्सेप्टिन. सप्टेंबर १९९८मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. निर्णायक चाचणीत ४६९ स्त्रिया होत्या, आजार शरीरभर पसरलेल्या. केमोबरोबर हे औषध दिल्यावर आयुष्याचा मध्यांक वीस महिन्यांवरून पंचवीस महिन्यांवर गेला. पाचच महिने? हो, पाचच महिने. पण २००५ साली, गाठ काढल्यावर आजार पसरण्याआधीच हे औषध दिलेल्या हजारो स्त्रियांचे निकाल आले, आणि आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. ज्या निदानाची सर्वांत जास्त धास्ती होती, ते निदान आता औषध असलेलं निदान झालं.

आणि या गोष्टीतल्या स्त्रियांना विसरू नका. १९९४च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतल्या रुग्ण-कार्यकर्त्या मोटारींची अंत्ययात्रा काढून जेनेनटेकच्या आवारात शिरल्या. त्यांची एक मैत्रीण, स्वतः डॉक्टर असलेली, या औषधाची वाट पाहत गेली होती. ज्यांच्याजवळ वेळ उरलेला नाही त्यांना चाचणीबाहेरही औषध द्या, ही त्यांची मागणी होती, आणि कंपनीला ती ऐकावी लागली. पुढे रुग्णांच्या संघटनांनी चाचण्यांसाठी स्त्रिया जमवायला मदत केली. संशोधन वैज्ञानिक करतात हे खरं. पण ज्यांनी आपल्या गाठीचा तुकडा दिला, ज्यांनी चाचणीत उतरून हात पुढे केला, त्यांच्याशिवाय यातलं काहीही झालं नसतं.

दुसरा मुद्दा : काही जोखीम रक्तातून येते

आत्तापर्यंत मी ज्या बदलांबद्दल बोलले, ते त्या गाठीतच होतात. ते आईकडून येत नाहीत, मुलीकडे जात नाहीत. पण शंभरातले पाच ते दहा रुग्ण असे असतात, ज्यांना जनुकातला दोष जन्मतःच मिळालेला असतो.

या वारशाचा विचार करणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत एक आपली पुणेकर स्त्री होती. डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या समर्थ. हुजूरपागेत शिकल्या, फर्ग्युसनमध्ये शिकल्या, आणि मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करू लागल्या. १९४९ साली पीएच.डी. झाली. उंदरांच्या पिढ्यांवर काम करून त्यांनी स्तनाचा कर्करोग, संप्रेरकं आणि आनुवंशिकता यांच्या नात्याचा शोध घेतला. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. परदेशातून परत येऊन, मोजक्या साधनांत, तेव्हाच्या परळमध्ये हे काम चाललं होतं. आपल्या शाळकरी मुलींना हे नाव माहीत असलं पाहिजे.

माणसांत मात्र हे सिद्ध करायचं कसं? मेरी-क्लेअर किंग यांनी १९७४पासून कॅलिफोर्नियात ते काम हाती घेतलं. आई, आजी, मावशी, बहिणी, जिथे पिढ्यान्पिढ्या हा आजार आहे अशी कुटुंबं त्या गोळा करत गेल्या. कर्करोगासारखा गुंतागुंतीचा आजार एका जनुकाने वारशाने जाईल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. १९९० साली २३ कुटुंबांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवलं, की ते जनुक सतराव्या गुणसूत्राच्या एका विशिष्ट भागात आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या युटामध्ये ते प्रत्यक्ष हाती आलं. ते बीआरसीए-१. पाठोपाठ १९९५ साली इंग्लंडमध्ये मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने बीआरसीए-२ शोधलं.

ही जनुकं मुळात वाईट नाहीत, हे कृपा करून लक्षात ठेवा. ती आपल्या सगळ्यांत असतात. पेशीतला डीएनए तुटला की तो नीट सांधण्याचं काम ती करतात. त्यांत दोष असला की सांधणं चुकतं आणि वर्षानुवर्षं चुका साठत जातात. असा दोष असलेल्या स्त्रीला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे सत्तर टक्के असते. बीजकोशाच्या कर्करोगाची शक्यताही वाढते. म्हणजे दोष सापडला की आजार होणारच, असं नाही. पण सावध राहायला हवं, एवढं मात्र नक्की.

आता संशोधकांनी काय केलं पाहा. गाठीतला हाच कच्चेपणा त्यांनी गाठीवर उलटवला. डीएनए दुरुस्त करायच्या पेशीजवळ अनेक वाटा असतात. बीआरसीएची वाट बंद असलेली कर्कपेशी दुसऱ्या वाटांवर विसंबते. त्यांतल्या एका वाटेला पार्प नावाचं प्रथिन लागतं. ते अडवलं, तर त्या पेशीजवळ वाटच उरत नाही आणि ती मरते. शरीरातल्या बाकीच्या पेशींत मात्र बीआरसीएची एक चांगली प्रत शाबूत असते, त्यामुळे त्या तगतात. २००५ साली इंग्लंडमधल्या दोन गटांनी हे एकाच वेळी प्रसिद्ध केलं. त्यातून ओलॅपॅरिब ही गोळी आली. २०१८च्या जानेवारीत बीआरसीए दोष असलेल्या, पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२१ साली सुरुवातीच्या टप्प्यातल्या १,८३६ रुग्णांचे निकाल आले. तीन वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण गोळी न घेतलेल्यांत ७७ टक्के होतं, गोळी घेतलेल्यांत ८६ टक्के. ज्या दोषाने आजार दिला, त्याच दोषाने औषधाची जागाही दाखवली.

इथे एक प्रश्न उभा राहतो. अशा जनुकाचा मालक कोण? ज्या कंपनीच्या संशोधकांनी बीआरसीए-१ वेगळं काढलं, तिने त्यावर पेटंट घेतलं, आणि अमेरिकेत वर्षानुवर्षं ही तपासणी एकाच ठिकाणी, भरमसाट दराने होत राहिली. १३ जून २०१३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की निसर्गात असलेलं जनुक वेगळं काढलं म्हणून त्यावर कुणाला पेटंट मिळू शकत नाही. त्यानंतर तपासण्या अनेक ठिकाणी होऊ लागल्या, दर उतरले. हा निकाल विज्ञानाइतकाच महत्त्वाचा आहे असं मी मानते.

आणि एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. हा दोष वडिलांकडूनही येतो. डॉक्टरांनी घरातला इतिहास विचारला की आपण मावशी, आजी सांगतो. आत्या सांगत नाही, काकाची मुलगी सांगत नाही. सांगा! तपासणीबद्दल बोलताना आपल्याकडे पहिली भीती निघते, 'मुलीच्या लग्नाचं काय?' मी त्या भीतीची चेष्टा करणार नाही. आईबापांची काळजी खरी असते. पण जी गोष्ट मुलीचा जीव वाचवू शकते, ती तिच्यापासूनच लपवून ठेवायचा अधिकार कुणाला आहे?

तिसरा मुद्दा : चालवणारं कोण आणि नुसतं बसलेलं कोण

हर-टू एक, बीआरसीए दोन. पण माणसात जनुकं सुमारे वीस हजार आहेत. गाठीत बिघडलेली आणखी किती असतील?

२०१६ साली केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतून सेरेना निक-झैनल, मायकेल स्ट्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या ५६० गाठींचा संपूर्ण डीएनए वाचून काढला. एकेका गाठीत सरासरी काही हजार बदल सापडले. मग ते सगळे कर्करोगाला कारणीभूत? मुळीच नाही. लांबच्या एसटीत पन्नास माणसं बसलेली असतात, पण गाडी चालवतो एकजण. गाठीतले बहुसंख्य बदल असे प्रवासी असतात. आजार चालवणारे बदल थोडे. त्या ५६० गाठींमध्ये मिळून अशी चालक जनुकं ९३ निघाली, आणि त्यांतल्या वारंवार दिसणाऱ्या दहांच्या वाट्याला सर्व चालक बदलांपैकी सुमारे ६२ टक्के बदल आले. चालक ओळखायचा, कारण औषध त्याच्यावरच चालवायचं. संशोधनाचा मोठा भाग आज याच ओळखपरेडीत जातो.

या दहांतलं एक पीआयके-थ्री-सीए. २००४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्करोगातले त्याचे बदल सापडले. संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठींपैकी जवळजवळ चाळीस टक्क्यांत तो बदल असतो. त्यावरचं पहिलं औषध, अल्पेलिसिब, आलं २०१९ साली. म्हणजे शोधापासून औषधापर्यंत पंधरा वर्षं! हर-टूलाही जवळपास तेवढाच काळ लागला. 'संशोधनाचा काय उपयोग झाला?' असं दर अर्थसंकल्पाला विचारणाऱ्यांनी हा काळ ध्यानात घ्यावा.

दुसरं टीपी-५३. पेशीवर पहारा करणारं हे जनुक. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर (ईआर), प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर (पीआर) आणि हर-टू ही तिन्ही नसलेल्या, ज्यांना ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात त्या गाठींमध्ये बहुतेक वेळा ते बिघडलेलं असतं. त्यावर नेमकं औषध स्तनाच्या कर्करोगात अजून मिळालेलं नाही. जे जनुक जास्त बोलतं ते दाबणं सोपं, पण जे जनुक गप्पच झालं आहे, त्याला पुन्हा बोलतं करणं फार कठीण. नाव कळलं म्हणजे औषध मिळालं, असं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण जाहिराती वेगळं सांगतात.

आणि गाठ एका जागी थांबत नाही. इस्ट्रोजेन वर्षानुवर्षं रोखून धरलं, तर काही गाठींमध्ये त्याच्या रिसेप्टरचं जनुक असं बदलतं, की इस्ट्रोजेन नसतानाही तो रिसेप्टर चालूच राहतो. आता गाठीतून रक्तात सांडलेल्या डीएनएवरून हा बदल पकडता येतो. पुन्हा सुई टोचून गाठीचा तुकडा काढायची गरज दर वेळी पडत नाही. अशा बदललेल्या गाठीसाठी एलासेस्ट्रंट ही गोळी २०२३च्या जानेवारीत अमेरिकेत मान्य झाली. पहिल्या दिवशीच्या रिपोर्टवर दहा वर्षं उपचार करत राहणं म्हणूनच चुकीचं आहे. आजार उलटला की प्रश्न पुन्हा विचारायला हवा.

पण जनुकांच्या अभ्यासाचा मला सर्वांत भावणारा उपयोग वेगळाच आहे. कुणाला औषध द्यायचं नाही, हे त्याने कळतं. २०१८ साली टेलरएक्स या चाचणीचे निकाल आले. दहा हजारांहून अधिक स्त्रिया, इस्ट्रोजेनवर वाढणारी, हर-टू नसलेली, काखेत न पसरलेली गाठ. गाठीतली २१ जनुकं किती काम करताहेत ते मोजून त्यांना गुण दिले. मधल्या गटातल्या बहुतेक जणींना नुसती संप्रेरकांविरुद्धची गोळी दिली काय, आणि केमो जोडून दिली काय, निकाल जवळपास सारखाच. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला. याचा अर्थ काय? केस गळणं, उलट्या, बोटांना येणारा बधिरपणा, हृदयावरचा ताण, घरावरचं कर्ज, हे सगळं ज्यांनी विनाकारण सोसलं असतं, त्यांना ते सोसावं लागणार नाही. चांगलं औषध म्हणजे दर वेळी आणखी एक औषध, असं नव्हे. ज्याची गरज नाही ते न देणं, हाही उपचारच आहे.

चौथा मुद्दा : आपल्या बायका या ज्ञानात कुठे आहेत?

आता त्या तफावतीपाशी येते. आपल्याकडे मृत्यू जास्त का?

पहिलं कारण, आपण उशिरा पोचतो. यावर उत्तर मुंबईतच शोधलं गेलं. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८पासून वीस वर्षं मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक अभ्यास चालवला. महागडं यंत्र नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासायचं, बस. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. जनुकांचं सगळं शास्त्र या हातांच्या तपासणीवर उभं आहे. गाठच सापडली नाही, तर जनुक कशात पाहणार?

दुसरं कारण, आपल्याकडचा आजार थोडा वेगळा आहे. पाश्चात्त्य देशांत ट्रिपल निगेटिव्ह गाठींचं प्रमाण दहा ते पंधरा टक्के. भारतातल्या अनेक अभ्यासांत ते तीस टक्क्यांच्या आसपास निघालं आहे. मोठे जनुकीय नकाशे मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या स्त्रियांच्या गाठींवरून तयार झाले. आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताने तोंडाचा कर्करोग उचलला होता, आणि तंबाखूच्या आपल्या देशात ते योग्यच होतं. पण आपल्या स्त्रियांच्या गाठींचा तितकाच मोठा, तितकाच बारकाईचा नकाशा आपल्यालाच करावा लागेल. तो दुसरं कोण करणार?

आणि आपण करू शकतो, याचा पुरावाही आहे. टाटा रुग्णालयाचे डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या ७२० स्त्रियांवर चाचणी केली. शस्त्रक्रियेआधीच्या नेहमीच्या केमोला कार्बोप्लॅटिन जोडलं. जुनं, स्वस्त, सहज मिळणारं औषध. तुटलेला डीएनए सांधता न येणाऱ्या गाठींवर ते जास्त चालेल, हा तर्क जनुकांच्या अभ्यासातूनच आलेला. २०२२च्या डिसेंबरात अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत निकाल मांडले गेले. पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांमध्ये पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेलं. शंभरातल्या अकरा तरुण स्त्रिया! अकरा घरं! आणि तेही गरिबाला परवडेल अशा औषधाने.

तिसरं कारण पैसा. ट्रॅस्टुझुमॅब आलं तेव्हा ते घेऊ शकणारी कुटुंबं आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी होती. २०१३ साली बेंगळुरूच्या बायोकॉनने परदेशी भागीदारासह त्याचं जैवसदृश (बायोसिमिलर) औषध तयार करून मान्यता मिळवली. पुढे डिसेंबर २०१७मध्ये अमेरिकेनेही ते स्वीकारलं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ट्रॅस्टुझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्या कर्करोग रुग्णालयांचं जाळं, नॅशनल कॅन्सर ग्रिड, एकत्र खरेदी करून औषधांचे दर खाली आणतं आहे. २०२४च्या अर्थसंकल्पात हर-टूवरच्या एका नव्या औषधाचं आयातशुल्क माफ झालं. पावलं पडताहेत. पण साताऱ्याच्या, नंदुरबारच्या, गडचिरोलीच्या बाईपर्यंत ती पोचली का? तिच्यासाठी औषधाचा दर म्हणजे नुसता औषधाचा दर नव्हे. मुंबईची गाडी, नवऱ्याची बुडलेली मजुरी, मुलांना शेजारी ठेवणं, हे सगळं त्या दरातच मोजावं लागतं.

आणि चौथं कारण फार साधं आहे. तपासणी नीट न होणं. काढलेली गाठ तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, नाहीतर रिसेप्टर असूनही 'नाही' असा रिपोर्ट येऊ शकतो. एका बाटलीमुळे एखादी बाई टॅमॉक्सिफेनला मुकू शकते! हर-टूचा रिपोर्ट 'टू प्लस' आला, तर तो निकाल नसतो. जनुकाच्या प्रती मोजणारी पुढची फिश चाचणी करावी लागते. ती झाली नाही, तर एक तर गरजू बाईचं औषध हुकतं, नाहीतर गरज नसलेलीच्या अंगावर कर्ज चढतं. जगातलं सर्वोत्तम संशोधन अशा एका सुटलेल्या चाचणीपाशी अडून बसतं.

समारोप

थोडक्यात सांगते. गाठीचा आकार तिचा स्वभाव सांगत नाही. ती कशावर वाढते हे पाहावं लागतं. त्यातून टॅमॉक्सिफेन आलं, ट्रॅस्टुझुमॅब आलं, ओलॅपॅरिब आलं. काही जोखीम वारशाने येते, आणि ती आधी कळली तर जीव वाचतो. गाठीत बदल हजारो असतात, चालवणारे थोडे. आणि गाठ बदलली की उपचार बदलावा लागतो. हे सगळं ज्ञान खरं आहे, सिद्ध झालेलं आहे. आपल्या देशात ते सगळ्या जणींपर्यंत पोचलेलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून मी या सभागृहाकडे काही मागणार आहे. घरात कुणाला हा आजार झाला, तर ईआर, पीआर आणि हर-टू हे तिन्ही निकाल रिपोर्टमध्ये आहेत का, ते पाहा. नसतील तर विचारा. गाठीचा मेणातला ब्लॉक तुमचा आहे, तो जपायला सांगा, कारण पाच वर्षांनी येणाऱ्या नव्या चाचणीला तोच उपयोगी पडेल. आईकडचा आणि वडिलांकडचाही इतिहास मुलींना सांगा. आणि डॉक्टरांनी एखाद्या चाचणीत सहभागी व्हाल का असं विचारलं, तर 'आमच्यावर प्रयोग करताय का' म्हणून दार लावू नका. प्रश्न विचारा, संमतीपत्र वाचून घ्या, पटलं नाही तर नाही म्हणा, पण ऐकून घ्या. त्या ४६९ जणींनी आणि आपल्या ७२० जणींनी होकार दिला नसता, तर आज मी तुम्हाला सांगितलेलं निम्मं काही घडलंच नसतं.

शासनाकडे माझी मागणी एकच. या तीन तपासण्या महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, मोफत आणि विश्वासार्ह अशा, व्हायला हव्यात. हे अशक्य नाही. त्यासाठी नवा शोध लागायची गरज नाही. शोध लागलेला आहे, औषधं आहेत, ती बनवणारे कारखाने आपल्याच देशात आहेत. उरलेलं काम प्रशासनाचं आणि आपल्या आग्रहाचं आहे. ते होईपर्यंत आपण सगळ्यांनी हा आग्रह धरत राहू या, एवढीच विनंती करते.